पडलो तर कोन?

अण्णांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, कंपनी विचारली नाही, चहासुद्धा विचारला नाही. गल्ल्यामागून खुर्चीकडं बोट दाखवून म्हणाले, "बसा. पन आधीच सांगून ठिवतो, डावा मागचा पाय कच्चा हाय. पडलात तर तुमी."

मी खताच्या कंपनीचा नवाकोरा साहेब. सकाळी नगरच्या सावेडीतून निघून श्रीगोंद्यापर्यंत मोटारसायकल हाणत आलेलो, कंबरेचे टाके ढिले झालेले. तरी उभाच राहिलो. पुढं मी त्या तालुक्यात जितकी वर्षं काढली तितकी वर्षं ती खुर्ची तिथंच होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच सूचना मिळायची. एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, नवी घ्या की एखादी!" तर म्हणाले, "नव्या खुर्चीचा कंचा पाय कच्चा हाय त्ये मला कुठं म्हाईत?"

श्रीगोंद्यात त्यांचं खतं, बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. समोर सगळे त्यांना अण्णा म्हणायचे आणि पाठीमागं 'पडलो-तर-कोन'. कारण पडलं तर जबाबदार कोण, हा एकच प्रश्न ते जगाला विचारत आले होते. शेतकरी फवारणीचा पंप भाड्यानं न्यायला आला की अण्णा खिशातून खडू काढायचे आणि पंपाला आधी जिथं जिथं पोचे असतील तिथं गोल करायचे. "ह्यो आधीचा. ह्यो बी आधीचा. बगून घे. आता ह्येच्यात भर पडली तर कोन?" शेतकऱ्यानं "मी" म्हटल्याशिवाय पंप दुकानाची पायरी उतरत नसे. गावजेवणाची भांडी देताना घेताना पोचे दाखवायची रीत आमच्याकडं जुनीच आहे. अण्णांनी ती भांड्यांवरून उचलली आणि सगळ्या संसाराला लावली.

त्यांच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडी अक्षता हातात घेऊन उभे, भटजी घसा साफ करतायत, आणि वधूपिता मांडववाल्याला कोपऱ्यात घेऊन विचारतोय, "ह्यो मधला खांब पडला तर कोन?"

"पडत न्हाई, अण्णा. निर्धास्त ऱ्हावा."

"पडत न्हाई का, असं म्या ईचारलंच न्हाई. पडला तर कोन, असं ईचारलं."

हा फरक त्यांना फार महत्त्वाचा वाटे. पडणार की नाही हे देवाला विचारायचं, पडलं तर कोण हे माणसाला विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. मांडववाला शेवटी "मी, अण्णा, मी!" म्हणून ओरडला तेव्हा कुठं मंगलाष्टकं सुरू झाली. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेतही त्यांनी उठून स्टेजबद्दल हेच विचारलं होतं म्हणतात. स्टेज पडलं नाही, पण त्या दिवशीची सगळी भाषणं एकदम आटोपशीर झाली.

आता त्यांच्या मोटारसायकलबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. अण्णा पोरसवदा वयापासून मोटारसायकल चालवत होते. गाड्या बदलल्या, पण मागच्या सीटवर मी कधी कुणाला बसलेलं पाहिलं नाही. खताची गोणी असली तर ते पुढं टाकीवर आडवी घेत आणि तिच्यावरून हनुवटी काढून चालवत. मागच्या सीटचं कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. एकदा भर उन्हात मी म्हणालो, "अण्णा, स्टँडपर्यंत सोडा." ते म्हणाले, "चालत जा. जवळ हाय." मला त्यांचा असा राग आला की पुढच्या खेपेला मी त्यांच्या दुकानी चहा घेतला नाही.

त्यामागचं कारण मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. एका दुपारी मी त्यांच्या घरी जेवायला होतो. ताटात शेंगोळ्या होत्या, समोर अण्णा, आणि काकू वाढत असताना मी त्या सीटचा विषय काढला. काकू हातातली पळी तशीच धरून खाली बसल्या.

"म्हैस दिल्ती माज्या बापानं, लगनात. लई गुनाची. येक दिस ह्ये तिला घिऊन गेले काष्टीच्या बाजारला. मला वाटलं, दाखवायला नेली डॉक्टरला. मी दारात वाट बगतीया म्हशीची, आन दारात आली फटफटी! हार घातल्याला तिला. मला म्हनत्यात, कुकू आन."

"म्हणजे न विचारताच विकली?"

"ईचारतंय कोन! आन त्याच फटफटीवर मला घातली आन निगाले बेलवंडीला, माज्याच म्हायेरी. बापाला काय तोंड दावू? मी बोललेच न्हाई. ह्ये रस्ताभर येकटेच बोलत्यात. म्हैस म्हातारी झाल्ती, फटफटीनं धंदा वाढंल, आमकं आन तमकं. पाटाच्या हितं आला येक उंचवटा. फटफटी वर गेली, मी बी वर गेले. फटफटी खाली आली, मी नांगरल्या रानात आले."

"लागलं?"

"ढेकळं मऊ हुती. पन ह्ये गेले की फुडं! बोलत बोलत. मी बोलत नव्हतेच, तवा त्येंना कळायचं तरी कसं?"

अण्णा बेलवंडीला सासऱ्याच्या दारात पोचले, गाडी स्टँडवर लावली, तरी बोलतच होते. सासऱ्यानं विचारलं, लेक कुठंय. अण्णांनी मागं पाहिलं. त्या भल्या माणसानं शिवी दिली नाही, हात उचलला नाही. सगळ्या भावकीसमोर एवढंच विचारलं, "पावनं, पोरीला काय झालं असतं तर कोन?" थोड्या वेळानं काकू उसाच्या ट्रॅक्टरवर, उसाच्या मोळ्यांवर बसून आल्या. त्या दिवसापासून त्या नवऱ्याच्या मागं बसल्या नाहीत. एसटीनं जातील, टेम्पोनं जातील, पाय मोडेस्तोवर चालत जातील.

"आन पाटापासनं बेलवंडीपातूर त्या रिकाम्या सीटला काय सांगत गेले, त्ये आजून कळलं न्हाई मला," काकू म्हणाल्या. "ईचारलं की उठून जात्यात."

मी समोर पाहिलं. अर्ध्या ताटावरून उठून अण्णा हात धुवायला गेले होते.

मग आमच्या कंपनीनं चांगला धंदा करणाऱ्या दुकानदारांना जोडीनं फुकेतला न्यायचं ठरवलं. थायलंडमधलं एक बेट. मेंढरं राखायला मी. बाकीच्या दुकानदारांनी फोन करून मला विचारलं की तिथं भाकरी मिळेल का, ठेचा विमानात चालतो का, आणि एकानं हळूच आणखी काहीबाही. अण्णांनी विचारलं, "तितं पडलो तर कोन?"

मी म्हणालो, प्रवासाचा विमा काढलाय सगळ्यांचा. ही माझी मोठी चूक. विमानात त्यांनी मला शेजारी बसवून ती सगळी पॉलिसी वाचायला लावली. इंग्रजीतून वाचायची आणि मराठीतून सांगायची. मी शेतकी पदवीधर, वकील नव्हे, पण ऐकतो कोण. माकड चावलं तर? हाय. पोटात दुखलं तर? हाय. पिऊन पडलो तर? न्हाई. "बरोबर हाय, नसावंच," अण्णा खूश झाले. मग दुचाकीचं कलम आलं. हेल्मेट पाहिजे, आणि आपल्या देशात ते वाहन चालवायचं लायसन पाहिजे, तरच दवाखान्याचा खर्च मिळेल.

"लायसन हाय," अण्णांनी खिशावर थाप मारली. "पैल्या झटक्यात पास झाल्याला मानूस हाय मी." शिवाय नगरच्या आरटीओतून परदेशात गाडी चालवायचा परवानाही त्यांनी काढून आणला होता. पुस्तकच ते, छोटंसं.

"म्हणजे तिथं गाडी चालवणार?" मी विचारलं.

अण्णांनी पलीकडच्या सीटकडं पाहिलं. काकू खिडकीला कपाळ टेकवून झोपल्या होत्या. "मागं बसनार कोन हाय?" ते म्हणाले. "पन असावा जवळ."

ते ऐकून मला त्या माणसाबद्दल वाईट वाटलं. इतकी वर्षं तो एक सीट कोरी ठेवून हिंडत होता आणि तो मला विक्षिप्तपणा वाटत होता.

फुकेतला पोचल्यावर आमच्या दुकानदारांनी पहिल्याच दिवशी भाड्यानं स्कूटर घेतल्या. बायकांना मागं बसवून, हॉर्न वाजवत, वरातीसारखे समुद्रावर निघाले. गाड्या पाहिल्या नाहीत, कुणी काही विचारलं नाही, दुकानात पासपोर्ट गहाण टाकून मोकळे. अण्णा आणि काकू रस्त्याच्या कडेनं चालायचे. अण्णा पुढं, काकू चार पावलं मागं. अण्णा दर थोड्या वेळानं वळून बघायचे.

शेवटच्या दिवशी सकाळी हॉटेलात नाश्त्याला आम्ही तिघं एका टेबलावर होतो. काचेबाहेर एक थाई म्हातारा स्कूटरवरून चालला होता. मागं त्याची म्हातारी, मांडीवर भाजीची पिशवी, आणि ती त्याच्या कानात तावातावानं काहीतरी सांगत होती. काकू ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

"अवं," त्या म्हणाल्या, "गाडी घ्या."

"कसली?"

"फटफटी. बसते मी मागं."

अण्णांच्या काट्यावरची कलिंगडाची फोड खाली पडली. "आता?"

"आता न्हाई तर कवा? उद्या हितं न्हाई आपन. हितं रस्त्याला खड्डा न्हाई, आन पडलेच तर हसायला वळखीचं कुत्रं न्हाई."

दुसरा कुणी असता तर ताटावरून उठून किल्लीकडं पळाला असता. बाई इतक्या वर्षांनी तयार झालीय, तिचं मन फिरायच्या आत गाडी चालू तरी करावी! अण्णा उठले, खिशात हात घातला आणि खडू आहे का ते चाचपून पाहिलं. मी कपाळाला हात लावला.

समुद्रासमोर रस्त्याच्या अलीकडं एका जाडजूड, हसऱ्या थाई बाईंचं भाड्याच्या गाड्यांचं दुकान होतं. अण्णांनी गिअरची एक मोटारसायकल निवडली आणि तिच्यापाशी बसकण मारली. जिथं ओरखडा दिसेल तिथं खडूचा गोल. टाकीवर, मडगार्डवर, आरशामागं. "ह्यो आधीचा. सायेब, फोटू काढा. ह्यो बी आधीचा." थोड्या वेळात त्या गाडीला देवी आल्यासारखं दिसायला लागलं. बाई आधी हसत होत्या, मग त्याही खाली बसल्या आणि राहिलेला एक ओरखडा त्यांनीच दाखवला. पासपोर्ट मागितला तेव्हा अण्णा म्हणाले, "पासपोर्ट म्हंजी परमुलखातला सातबारा. सातबारा कुनी घटकाभरासाठी गहान ठिवतं का?" त्याऐवजी त्यांनी अनामत भरली.

"आता ईचारा त्यांना. पडलो तर कोन?"

मी इंग्रजीतून विचारलं. बाई गोड हसून म्हणाल्या, "यू."

"बाई खरी हाय," अण्णा म्हणाले. मग बाईंच्या मोडक्या इंग्रजीतून जे निघालं ते असं. गाडीचा सरकारी विमा आहे, तो जखमी माणसाच्या दवाखान्याला थोडा हातभार लावतो. गाडी मोडली तर ती भरून देणार भाड्यानं घेणारा. आणि तुमचा मोठा दवाखाना तुमचा तुम्ही बघा. अण्णांनी तीन बोटं वर केली. एक मिटलं, दुसरं मिटलं. "गाडीचं मी भरीन. पन तिला लागलं तर? ह्ये तिसरं बोट आपल्या विम्याचं. लावा फोन."

"अण्णा, विमानात वाचलंय सगळं!"

"लावा."

काकू गाडीपाशी तयार उभ्या होत्या. डोक्यावर पदर, पदरावर हेल्मेट, साडीचा ओचा घट्ट खोवलेला. मी विमा कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. नशिबानं मराठी बोलणारी मुलगी मिळाली. अण्णांनी सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "सर, लायसन्सवर वाहनाचा प्रकार कोणता लिहिलाय तो बघून सांगता का?"

"त्यात काय बगायचं? लायसन हाय."

"तरी बघा ना, सर."

अण्णांनी लायसन काढलं, लांब धरलं, मग माझ्याकडं दिलं. मी वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. त्यावर ट्रॅक्टर होता. हलकं चारचाकी होतं. मोटारसायकल कुठंच नव्हती. मी ते परदेशी परवान्याचं पुस्तक उघडलं. त्यातही दुचाकीच्या चौकटीत शिक्का नव्हता.

"अण्णा, हे तर ट्रॅक्टरचं लायसन आहे."

"मंग? श्रीगोंद्याला आरटीओचा क्यांप लागल्ता. सोसायटीचा ट्रॅक्टर हुता, त्येच्यावरच टेस्ट दिली. मी सोता फटफटीवर गेल्तो क्यांपला, सायबासमोर लावली, आन पास हून फटफटीवरच घरी आलो. मोठं चालवाया येतंय म्हनल्यावर बारकं त्येच्यात आलंच की!"

"नाही येत, सर," फोनमधली मुलगी हळूच म्हणाली. "दुचाकीचं वेगळं लागतं. ते नसेल तर दुचाकी चालवताना झालेल्या अपघाताचा खर्च मिळणार नाही."

"मागं बसनारीचा बी?"

"मागं बसणाऱ्यांचं मी खात्रीनं सांगू शकत नाही, सर."

अण्णांनी विचारलं, "म्हंजी पडलो तर कोन?"

"तुम्हीच, सर."

जन्मभर दुसऱ्याला विचारलेला प्रश्न असा परत आला. मांडववाले, पंपवाले, कारखान्याचे पुढारी, सगळ्यांना अडवणारा हा माणूस स्वतः इतकी वर्षं श्रीगोंद्यात विनापरवाना हिंडत होता! मला खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण काकू तशाच हेल्मेट घालून उभ्या होत्या.

मी म्हणालो, "अण्णा, हा सरळ रस्ता आहे. त्या टोकाला जाऊन परत या. सगळे आठवडाभर हिंडतायत, कुणाला काही झालं का?"

"झालं का, असं म्या ईचारलंच न्हाई," अण्णा म्हणाले, पण आवाजात नेहमीची धार नव्हती. "सायेब, येकदा पाडलीया मी तिला. तवा कळत न्हवतं. आता कळतंय आन तरी बसवू?"

तेवढ्यात आमची दुकानदारांची वरात समुद्रावरून आली. काय झालं, म्हणून सगळे थांबले. मी सांगितलं. एक एक जण हळूच पाकीट काढायला लागला. पारनेरच्या गड्यानं आपलं लायसन उलटसुलट करून पाहिलं आणि खाली मान घातली. ट्रॅक्टर. नेवाशाचा, ट्रॅक्टर. कर्जतच्या गड्याकडं तर ट्रकचं होतं, पण दुचाकी त्याच्याकडंही नव्हती. सगळ्यांचं गणित एकच, मोठ्यात बारकं आलंच. त्यांच्या बायका एकेक करून खाली उतरल्या. त्या उन्हात पारनेर, नेवासा आणि कर्जतचे नामवंत व्यापारी आपापल्या स्कूटर बंद करून, ढकलत, हॉटेलाकडं निघाले. थाई बाईंना वाटलं पेट्रोल संपलं, त्या बाटली घेऊन मागं धावल्या.

घरी परतल्यावर अण्णा नगरच्या आरटीओत कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभे राहिले, शिकाऊ लायसन काढलं, आठचा आकडा काढून पास झाले आणि परीक्षा घेणाऱ्यालाच विचारून आले की हा आठाचा खांब कुणाच्या अंगावर पडला तर कोण. ते मला इतरांकडून कळलं. तोवर माझी बदली संगमनेरला झाली होती. पण मला अण्णा आठवतात ते आरटीओतले नाहीत. फुकेतला त्या दिवशी भाड्याच्या गाड्यांच्या दुकानासमोर काय झालं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वरात गेली, थाई बाई बाटली घेऊन परत आल्या, तरी विम्याच्या मुलीचा फोन अजून चालूच होता. अण्णा वाकून फोनमध्ये म्हणाले, "ताई, गाडी बंद हाय. मधल्या स्टँडवर हाय. किल्ली दुकानदारीनबाईकडं. आन नुसतं वर बसलो, आन तिथनं पडलो तर?"

पोरगी म्हणाली, थांबा, वरिष्ठांना विचारते. बराच वेळ त्यांचं संगीत वाजत राहिलं. परत आली तेव्हा तिच्या आवाजात हसू होतं. "सर, उभ्या, बंद गाडीवर बसणं म्हणजे वाहन चालवणं नाही. पडून लागलं तर नेहमीच्या अपघातात धरू. दोघांचंही."

"ऱ्हावा सायेब साक्षीला," अण्णा मला म्हणाले. किल्ली त्यांनी बाईंच्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटवून दिली. गाडी समुद्राकडं तोंड करून मधल्या स्टँडवर चढवली, हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली. मग हेल्मेट घालून पुढं बसले आणि दोन्ही मुठी धरल्या. काकूंनी एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि एका अंगानं मागं चढून बसल्या. सगळीकडं खडूचे गोल असलेली ती गाडी, पुढं रस्ता, रस्त्यापलीकडं समुद्र. फोटो काढायला म्हणून मी बाजूला मोबाईल धरून उभा होतो. तो मी काढलाच नाही.

दोघं बराच वेळ तशीच बसून राहिली. अण्णा समोर बघत होते, खरोखर गाडी चालवत असल्यासारखे.

"हायस का?" त्यांनी विचारलं.

"हाय."

मागं न बघता अण्णा म्हणाले, "माजं चुकलं. म्हशीचं. तुला ईचारायला पायजे हुतं. त्या दिशी पाटापासनं बेलवंडीपातूर ह्येच म्हनत गेल्तो मी."

मागून काहीच आवाज आला नाही. अण्णांचे खांदे ताठ झाले. ते गर्रकन वळले, इतक्या घाईनं की गाडी स्टँडवर हलली.

काकू मागंच होत्या. दोन्ही डोळे भरलेले.

"हाय की," त्या म्हणाल्या. "हेल्मेटात नीट ऐकू आलं न्हाई. परत म्हना."